सातवा रस

परदेशातून येणाऱ्या माणसाने कोणासाठी काय आणावे, याचे नियम आपल्या मध्यमवर्गात फार पूर्वीच ठरून गेले आहेत. पहिल्या श्रेणीच्या नातेवाइकांना सोनेरी कागदातली, आत अख्खा बदाम असलेली चॉकलेटे. दुसऱ्या श्रेणीला मोठ्या पाकिटातली, मोजून देता येतील अशी. तिसऱ्या श्रेणीत शेजारी, सोसायटीचे सेक्रेटरी आणि वॉचमन येतात; त्यांच्यासाठी पिशवीत हात घालायचा आणि मुठीत येईल ते द्यायचे. चौथी श्रेणी म्हणजे मामाची बँक. तिथे जे उरले असेल ते जाते, आणि वितळून एकमेकांना चिकटलेल्या अवस्थेत जाते. आम्ही ते कागदासकट खातो.

या सबंध व्यवहारात चॉकलेटाची चव कशी आहे, हे कोणीच विचारत नाही. परदेशातून आले आहे ना, मग ते गोडच असणार! विमानातून उतरलेली वस्तू कडू, खारट किंवा चमत्कारिक असू शकते ही कल्पनाच आपल्याला मानवत नाही. या आपल्या श्रद्धेला सुरुंग लावण्याचे काम माझ्या सख्ख्या भाच्याने केले.

हा भाचा फिनलंडमध्ये असतो. तिथे हेलसिंकीला खेटून एस्पो नावाचे गाव आहे. खेटून म्हणजे डोंबिवलीला ठाकुर्ली खेटून आहे तसे. तिथे तो कॉम्प्युटरमध्ये काहीतरी करतो. नक्की काय करतो हे त्याने मला चार वेळा समजावून सांगितले आहे, आणि चारही वेळा मी ‘वा!’ असे म्हटले आहे. वाणिज्य शाखेच्या पदवीधराकडून याहून जास्त अपेक्षा कोणी करू नये.

तर हा तीन वर्षांनी घरी आला. आमच्या ताईने, म्हणजे त्याच्या मातोश्रींनी, तीन वर्षांची थकबाकी व्याजासकट वसूल करायला घेतली. सोमवारी थालीपीठ, मंगळवारी अळूचे फदफदे, बुधवारी कोथिंबीर वडी, आणि अधल्यामधल्या वेळेसाठी बेसनाचे लाडू डबा भरून. पोरगं बिचारं सगळं खात होतं, ‘मस्त’ म्हणत होतं. तरीही चौथ्या दिवशी रात्री साडेदहाला ताईचा फोन आला.

‘‘तू जरा उद्या ये.’’

‘‘का गं? काय झालं?’’

‘‘बाळ्या काहीतरी खातो.’’

‘‘खाऊ दे की. तूच तर करून घालत्येस.’’

‘‘तसलं नाही रे!’’ ताईचा आवाज एकदम खाली आला. ‘‘जेवण झालं की गॅलरीत जातो. खिशातून पाकीट काढतो. त्यातलं काळं काहीतरी काढतो आणि गालात ठेवतो.’’

‘गालात ठेवतो’ हे शब्द तिने असे काही उच्चारले की मी पलंगावर उठून बसलो. आमच्या घराण्यात गालात ठेवणारे एकच गृहस्थ होऊन गेले. त्यांचा फोटोसुद्धा आम्ही भिंतीवर न लावता कपाटात ठेवलेला आहे.

आता हे आईने मुलाला कसे विचारायचे? वडिलांनी विचारले तर भांडण होते. म्हणून आपल्याकडे मामा नावाचे नाते निर्माण करण्यात आले आहे. लग्नात मुलीला बोहल्यावर आणायचे आणि एरवी मुलाला वठणीवर आणायचे, ही मामाची दोन शास्त्रोक्त कर्तव्ये. दुसऱ्या दिवशी बँकेतून परस्पर ताईकडे गेलो, जेवलो, आणि भाच्यामागोमाग गॅलरीत उभा राहिलो. त्याने मुळीच आढेवेढे न घेता खिशातून पाकीट काढले आणि माझ्यापुढे धरले. आत शंकरपाळ्याच्या आकाराच्या, कोळशाच्या रंगाच्या वड्या होत्या.

‘‘मामा, ही गोळी आहे. साल्मियाक्की. तिकडे लहान मुलंही खातात.’’

‘‘मग चोरून कशाला खातोस?’’

‘‘चोरून कुठे? आईनं एवढं केलंय, त्यावर तिच्यादेखत हे खाल्लं तर तिला वाईट वाटेल. घे ना एक. फक्त दोन मिनिटं थुंकू नकोस.’’

खाण्याच्या वस्तूबरोबर अशी सूचना मला आयुष्यात प्रथमच मिळत होती. तरी चौकशी अधिकाऱ्याने पुरावा स्वतः तपासावा असा आमच्याकडे दंडक आहे. घेतली एक, टाकली तोंडात.

पहिले पाच सेकंद काहीच वाईट घडले नाही. उलट ओळखीचे काहीतरी भेटले. जरा गोडसर, जरा मातकट, मुळीसारखे. अरे, हे तर ज्येष्ठमध! घसा बसला की आजी जी काडी चघळायला द्यायची तीच ही. मी भाच्याकडे पाहून हसलोसुद्धा. एवढ्यात खारटपणा आला. पण हा खारटपणा आपल्या मिठाचा नव्हे. मीठ जिभेवर थांबते. हा गृहस्थ जिभेवर न थांबता टाळूवर चढला, टाळूवरून नाकात गेला, नाकातून डोळ्यांत आला आणि दोन्ही कानांची दारे आतून ठोठावू लागला. वास म्हणावा तर चव, आणि चव म्हणावी तर वास. आणि त्याच क्षणी मला वाईचा, आमच्या आजोळचा, कल्हईवाला आठवला.

नव्या पिढीला कल्हईवाला माहीत नसेल. त्याचा भाता, कोळशाची भट्टी आणि भोवती मांडलेली आळीतली सगळी पितळेची पातेली. पातेले लालसर तापले की तो त्यात चिमूटभर पांढरी पूड टाकी. भस्सकन पांढरा धूर उठे. तो धूर नाकात गेला की आम्ही पोरे खोकत दहा पावले मागे पळत असू आणि लगेच अकरा पावले पुढे येत असू. मग कथलाची कांडी फिरे, कापसाचा बोळा फिरे, आणि काळवंडलेले पातेले चांदीसारखे लखलखू लागे. ती पांढरी पूड म्हणजे नवसागर. धातूवरची घाण त्याने निघते आणि कथील घट्ट बसते. तो धूर, चाळीस वर्षांपूर्वीचा, आज माझ्या तोंडात उठला होता.

‘‘यात काय आहे रे?’’ मी डोळे पुसत विचारले.

‘‘ज्येष्ठमध. आणि अमोनियम क्लोराइड.’’

अमोनियम क्लोराइड म्हणजेच नवसागर! माझी जीभ चांगली आहे असे नातेवाईक पूर्वीही म्हणत नसत. पण तिला कल्हई करण्याची वेळ आली आहे हे मला कोणी सांगितले नव्हते. शिवाय नवसागराची महाराष्ट्रातली दुसरी कीर्ती वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. हातभट्टीवर धाड पडली की ‘गूळ व नवसागर जप्त’ ही ओळ ठरलेली. जे आपल्याकडे पोलीस जप्त करतात, ते तिकडे मुलांच्या खाऊच्या डब्यात सापडते!

मग भाच्याने मला या गोळीचे कुलवृत्तान्त सांगितले. साल्मियाक्की हे नाव आले ‘साल आमोनियाकुम’ या लॅटिन नावावरून, म्हणजे आमोन देवाचे मीठ. इजिप्तमध्ये या देवाचे मंदिर होते. त्या देशात उंटांच्या शेणाच्या गोवऱ्या जाळून त्यांच्या काजळीतून हे मीठ काढीत. (हे त्याने मी गोळी गिळल्यावर सांगितले, आधी नव्हे. आता ते कारखान्यात तयार होते, असेही घाईघाईने जोडले.) नवसागराने कफ सुटतो, म्हणून युरोपातले औषधवाले तो ज्येष्ठमधात घालून खोकल्यासाठी देऊ लागले. आपल्याकडेही खोकल्याच्या कितीतरी औषधांच्या बाटल्यांवर बारीक अक्षरात अमोनियम क्लोराइड छापलेले असते. फरक इतकाच की आपण खोकला थांबल्यावर बाटली कपाटात ठेवली. त्यांनी खोकला थांबल्यावरही गोळी चालू ठेवली. फिनलंड, स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, आइसलंड, हॉलंड आणि जर्मनीची उत्तरेकडची बाजू, एवढ्या पट्ट्यात ही खारट ज्येष्ठमधाची भक्ती चालते. तिचे आइस्क्रीम निघते, चॉकलेट निघते, व्होडकासुद्धा निघते. एका जास्त तिखट प्रकाराचे नाव ‘टिरकिस्क पेबर’, म्हणजे तुर्की मिरी. जन्म डेन्मार्कमधला, बनवणार फिनलंडची फात्सेर कंपनी, आणि तुर्कस्तानशी संबंध आपल्या चायनीज भेळेचा चीनशी आहे तेवढाच.

चौकशीचा अहवाल मी ताईला स्वयंपाकघरात दिला. ‘‘तंबाखू नाही. गोळी आहे. ज्येष्ठमधाची.’’

मला वाटले, तिला हायसे वाटेल. ती ओटा पुसत राहिली. मग म्हणाली, ‘‘लाडवाच्या डब्यात बघ.’’

मी झाकण उघडले. डबा जवळजवळ भरलेला होता.

‘‘लहानपणी डबा लपवून ठेवावा लागायचा रे,’’ एवढेच ती म्हणाली आणि पुन्हा ओटा पुसू लागली. ओटा केव्हाच स्वच्छ झाला होता.

मुलगा लांब गेला हे तिला विमानतळावर कळले नव्हते, तीन वर्षांच्या फोनांवर कळले नव्हते. ते त्या काळ्या वडीने कळले. तंबाखू असती तर तिने रागावून सोडवली असती. गोळीला काय करणार? जेवणानंतर पोराच्या जिभेला जे हवेसे वाटते, ते तिच्या स्वयंपाकघरातले नव्हते.

आता मी काही तत्त्वज्ञ नव्हे, काउंटरवरचा माणूस. एखाद्या रकमेचा मेळ लागला नाही की ती आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो. पण ही गोष्ट काही सस्पेन्समध्ये राहीना. म्हणून दुसऱ्या दिवशी मी भाच्याकडून दहा वड्या मागून घेतल्या आणि शाखेत प्रयोग केला. हेडकॅशियरांनी एक शब्द न बोलता, नोटा मोजून झाल्यावर उठतात तितक्या शांतपणे उठून बेसिन गाठले. शाखाधिकाऱ्यांनी वडी तोंडात टाकली आणि त्याच क्षणी केबिनमध्ये एक मोठे ठेवीदार शिरले. साहेबांना थुंकता येईना, बोलता येईना. त्यांनी फक्त मान डोलावली, डोळ्यांतून पाणी काढले, आणि ते गृहस्थ साहेबांच्या आपुलकीने भारावून ठेवीचे नूतनीकरण करून गेले. युनियनच्या प्रतिनिधींनी हा प्रकार व्यवस्थापनाने घडवून आणला आहे काय, असे विचारले. आमच्या शिपायाने मात्र शांतपणे चघळून मत दिले, ‘‘साहेब, थोडा चुना लावला तर बरी लागंल.’’ सगळ्यांत आश्चर्य केले पासबुक भरायला आलेल्या एका पेन्शनर आजोबांनी. त्यांनी वडी संपवली आणि दुसरी मागितली. ‘‘घशाला बरं वाटलं हो,’’ म्हणाले. दोनशे वर्षांपूर्वी त्यांना युरोपात औषधाच्या दुकानातच गाठायला हवे होते.

गंमत म्हणजे ही चव नक्की कोणत्या खात्यात जमा करावी, हा शास्त्रज्ञांनाही पडलेला प्रश्न आहे. आपल्या आयुर्वेदाने मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त, कषाय असे सहा रस मोजून ठेवले. पाश्चात्त्यांची गाडी चारांवर अडली होती. १९०८ साली इकेदा या जपानी शास्त्रज्ञाने उमामी दाखवून दिली, आणि पुढे पाच झाल्या. २०२३ साली सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या एमिली लिमन यांच्या चमूने शोध लावला की आंबट ओळखणारे जिभेवरचे ओटॉप-१ नावाचे प्रथिन नवसागरालाही साद देते. तेव्हा ही कदाचित आणखी एक मूळ चव असेल. म्हणजे त्यांच्या हिशेबाने सहावी, आपल्या हिशेबाने सातवी. अमोनिया जास्त झाला की तो विषारी असतो, म्हणून ‘हे खाऊ नकोस’ हे कळावे यासाठीच निसर्गाने ही सोय केली असावी, असा त्यांचा अंदाज आहे. निसर्गाने ‘खाऊ नकोस’ असे लिहून दिलेल्या चवीचे फिनलंडवाले आइस्क्रीम करतात!

पण आपण तरी कुठे निराळे आहोत? हिंग घ्या. डबी उघडली की शेजारचे लोक खिडक्या लावतात. जर्मन भाषेत त्याला सरळ ‘सैतानाचे शेण’ म्हणतात. आणि तो आपलाही नव्हे. शतकानुशतके तो इराण-अफगाणिस्तानातून आला. आपल्या भूमीत हिंगाच्या लागवडीचा रीतसर प्रयोग सुरू झाला तो लाहौलमध्ये, २०२० साली. तरी हिंगाशिवाय वरणाला वरण म्हणणारा मराठी माणूस मला दाखवा. कारल्याचे तसेच, सुक्या बोंबलाचे तसेच. चहाचा पहिला कडवट घोट कोणाला आवडला होता?

इथे मला आमच्या बँकेतली एक जुनी पद्धत आठवते. आधार आणि पॅन नव्हते तेव्हा नवे खाते उघडायचे तर जुन्या खातेदाराची सही लागायची. त्याला इंट्रोड्यूसर म्हणत. ‘या माणसाला मी ओळखतो’ असे त्याने लिहून दिल्याशिवाय आम्ही कोणालाही दारात उभे करीत नसू. माझी खात्री आहे की जिभेच्या शाखेत अजून तीच पद्धत चालू आहे. नवी चव एकटी आली तर जीभ तिला बाहेर काढते. ओळखीच्या माणसाचा हात धरून आली तर बसवून घेते. हिंगाच्या फॉर्मवर आजीची सही आहे, कारल्याच्या फॉर्मवर आईची. चहाच्या फॉर्मवर वडिलांची आहे, बशीतून दिलेल्या दोन घोटांची.

मग भाच्याच्या फॉर्मवर कोणाची?

हा प्रश्न मी त्याला ताईच्या समोरच विचारला, रविवारी, दुपारच्या चहाच्या वेळी. तो जरा घुटमळला. मग सांगू लागला.

‘‘पहिलाच हिवाळा होता, मामा. तिकडे डिसेंबरात सूर्य नऊनंतर उगवतो आणि सव्वातीनच्या सुमाराला मावळतो. ऑफिसात जाताना अंधार, परत येताना अंधार. माणसं वाईट नाहीत, पण बोलत नाहीत. बिल्डिंगमध्ये माझ्या वरच्या मजल्यावर एक आजी राहतात, एकट्याच. रोज लिफ्टमध्ये भेटायच्या आणि आम्ही दोघं लिफ्टच्या दाराकडे बघत उभे राहायचो. एक दिवस त्यांनी पर्समधून डबी काढली आणि न बोलता माझ्यापुढे धरली. मी एक घेतली.’’

‘‘आणि?’’

‘‘आणि माझं जे व्हायचं ते झालं. त्या बघत होत्या. मग म्हणाल्या, ‘ह्युवा?’ म्हणजे ‘छान?’ आता एवढ्या म्हाताऱ्या बाईला नाही कसं म्हणायचं? मी मान हलवली.’’

‘‘संस्कार नडले,’’ मी म्हटले.

‘‘नडले म्हणजे काय! त्या दिवसापासून रोज लिफ्टमध्ये एक गोळी. महिनाभर मी नुसती सहन केली. मग एक दिवस त्या दिसल्या नाहीत, आणि माझ्या लक्षात आलं की मी लिफ्ट थांबवून वाट बघतोय. त्यांची की गोळीची, ते सांगता येत नाही. आई, तिकडे ऑफिसबाहेरचं कोणी माझ्याशी पहिल्यांदा बोललं असेल तर ते हे. ह्युवा.’’

ताई बराच वेळ काही बोलली नाही. कपातल्या चहावर साय धरली. मग तिने हात पुढे केला.

‘‘आण बघू ती इकडे एक.’’

‘‘आई, तुला बीपी आहे. ज्येष्ठमध जास्त झाला तर बीपी वाढतं. पाकिटावरच लिहिलंय बघ.’’

‘‘एका गोळीनं काय होतंय? आण.’’

तिने वडी तोंडात टाकली. आम्ही दोघे श्वास रोखून पाहत होतो. ताईच्या कपाळावर आठी आली, गेली, पुन्हा आली. डोळे भरले, त्यातले नवसागराचे पाणी किती आणि दुसरे किती, याचा ताळेबंद मांडण्याच्या भानगडीत मी पडलो नाही. पण तिने वडी थुंकली नाही. पूर्ण संपवली, वर पाणी प्यायली, पदराने तोंड टिपले.

‘‘घाण आहे,’’ ती म्हणाली. आणि जरा थांबून, ‘‘बाई चांगल्या आहेत हो पण.’’

भाचा परत गेला तेव्हा लाडवाचा डबा रिकामा करून गेला आणि एक पाकीट ठेवून गेला. ते ताईने पोळ्यांच्या डब्याशेजारी ठेवले. तिचे डॉक्टर म्हणाले, आठवड्यातून एखादी चालेल, रोज मुळीच नाही. त्यावर तिने तोडगा काढला. अडकित्त्याने एका वडीचे चार तुकडे करायचे. एक तुकडा रविवारी, पोराचा व्हिडिओ कॉल सुरू असताना. तिकडे त्याच्या गालात एक, इकडे हिच्या गालात पाव. अर्धा वेळ कोणीच बोलत नाही. गालात ठेवणाऱ्यांच्या आमच्या घराण्यात अशी वाढ झाली. आता तो कपाटातला फोटो भिंतीवर लावायला हरकत नसावी.

परवा ताईकडे गेलो तर दिवाणखान्यात मोठी बॅग उघडी पडलेली. व्हिसा आला होता. जूनमध्ये जायचे, तेव्हा तिकडे रात्री दहापर्यंतसुद्धा ऊन असते म्हणे. बॅगेच्या कोपऱ्यात एक गाठोडे होते. प्लास्टिकच्या सहा-सात पिशव्या एकात एक घातलेल्या, वरून रबरबँड, आणि तरीही दहा फुटांवरून ओळख पटत होती.

‘‘हिंग? अगं, बाळ्याकडे आहे की हिंग. मागच्या खेपेला नेलाय त्यानं.’’

‘‘त्याच्यासाठी नाही रे. त्या आजींसाठी.’’

‘‘त्या काय करणार हिंगाचं? नुसत्या वासानंच तोंड वाकडं करतील.’’

‘‘करू देत,’’ ताई गाठोडे साड्यांच्या घडीत नीट दाबत म्हणाली. ‘‘मी केलं नव्हतं? आधी चांगलं फोडणीचं वरण करून नेईन, वाटीभर. लिफ्टमध्येच गाठते बघ. आणि त्यांच्याकडे बघत विचारते, ‘ह्युवा?’ बघू कशा नाही म्हणतात!’’